सिलिंडरमधल्या हवेवर इंजिनाला बूस्ट: वीस सेकंदांची तयारी

इंजिनाची ताकद पेट्रोलमधून येते, पण किती पेट्रोल जाळता येईल हे हवा ठरवते. टर्बो आणि सुपरचार्जर ही जास्तीची हवा गाडी चालू असताना दाबून देतात. तिसरी वाट म्हणजे हवा आधीच सिलिंडरमध्ये (इंजिनाच्या नव्हे, डिकीत ठेवायच्या) भरून ठेवायची आणि हवी तेव्हा इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवा घेण्याच्या वाटेत, सोडायची. इंजिनावर कॉम्प्रेसरचा भार पडत नाही, टर्बोसारखी वाट पाहावी लागत नाही, शिवाय हवा तापण्याऐवजी थंड होऊन येते. किंमत एकच: सिलिंडर लवकर संपतो. म्हणून हे काम ड्रॅग रेसचं, किंवा डायनोवर (गाडी जागेवरच चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) प्रयोग करणाऱ्यांचं. रोज ऑफिसला जायच्या गाडीत याचा उपयोग शून्य.

'हवेवर चालणारी गाडी' ही याहून वेगळी गोष्ट. टाटा मोटर्सने २००७ साली फ्रान्सच्या एमडीआय कंपनीशी करार केला होता तो तिच्यासाठी. तिथे हवा स्वतःच पिस्टन ढकलते. इथे ढकलायचं काम पेट्रोलच करतं, हवा फक्त जास्त पेट्रोल जाळण्याची सोय करते. हा फरक डोक्यात पक्का नसला की माणूस सगळा पैसा सिलिंडर आणि व्हॉल्व्हवर घालतो, पेट्रोलकडे दुर्लक्ष करतो आणि पिस्टन वितळवतो.

आधी हिशेब

उदाहरणाला मारुतीचं जुनं १,२९८ सीसीचं जी१३बीबी इंजिन घेऊ. एस्टीम आणि जिप्सीमुळे ते आपल्याकडच्या गॅरेजांच्या हातचं आहे. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण हवा घेतं. म्हणजे ६,००० आरपीएमला मिनिटाला ३,८९४ लिटर, सेकंदाला सुमारे ६५ लिटर. भरण्याची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर ५५ लिटर, वजनात सेकंदाला ६५ ग्रॅम. दर सेकंदाच्या एका ग्रॅम हवेमागे साधारण १.३ हॉर्सपॉवर मिळते, म्हणून उत्तर ८५ च्या आसपास येतं.

आता ०.४ बार बूस्ट द्यायचा, म्हणजे वातावरणाच्या दाबावर (सुमारे १ बार) तेवढा जास्तीचा. हवा १.४ पट, शिवाय ती गोठणबिंदूच्या जवळपास थंड असल्यामुळे आणखी दहाएक टक्के दाट. सेकंदाला १०० ग्रॅम हवा लागेल. कागदावर १३० हॉर्सपॉवर दिसतात, प्रत्यक्षात १२० मिळाले तरी खूश व्हावं. स्टॉक, म्हणजे कंपनीच्या मूळ पिस्टन आणि गॅसकेटवर याच्या पुढे जायचा मोह धरू नये.

१२ लिटरचा, २०० बारचा सिलिंडर म्हणजे २,४०० लिटर मोकळी हवा, पावणेतीन किलोंच्या आसपास. ४० बारच्या खाली रेग्युलेटर (सिलिंडरचा दाब उतरवून देणारा व्हॉल्व्ह) पुरेसा प्रवाह देऊ शकत नाही, तेवढी हवा आतच राहते. वापरायला उरतात सव्वादोन किलो, म्हणजे बावीस सेकंद. पाव मैलाच्या दोन धावा निघतात, कारण प्रत्येक धावेत बूस्ट खरोखर चालू असतो तो दहाएक सेकंदच.

हाच हिशेब पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरला लावून पाहा. १०० लिटरची टाकी ८ बारवरून २ बारवर आणली की ६०० लिटर हवा मिळते, जेमतेम सात सेकंद. आणि डिकी पूर्ण अडलेली. '८ बारच्या टाकीवर बूस्ट' सांगणाऱ्याने हा भागाकार केलेला नसतो.

ड्रॅग रेसवाले इंजिनात सोडतात त्या नायट्रस वायूशीही तुलना करून घ्यावी. नायट्रस ऑक्साइडमध्ये वजनाच्या ३६ टक्के ऑक्सिजन असतो आणि ते द्रवरूपात साठतं. हवेत ऑक्सिजन २३ टक्के आणि सिलिंडरमध्ये मावते ती पावणेतीन किलो. नुसत्या साठवणीत नायट्रस केव्हाही पुढे. हवेची बाजू अशी की ती कुठेही भरता येते, आणि इंजिनाला ते नेहमीचंच खाद्य असल्यामुळे मिश्रणाचं गणित नेहमीच्याच टेबलातून सुटतं. मात्र हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन, म्हणजे वेल्डिंगवाल्याचा काळा सिलिंडर, लावायचा विचार मनातही आणू नका. उच्च दाबाच्या ऑक्सिजनमध्ये तेलाचा एक थेंबही पेट घेतो. रेग्युलेटरच जळतो.

सिलिंडर

पाणबुड्यांचा १२ लिटरचा स्टीलचा सिलिंडर सगळ्यात सोयीचा. रिकामा असताना १४-१५ किलो भरतो. मानेवर ठोकलेली हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने घेतलेल्या चाचणीची) तारीख पाच वर्षांच्या आतली हवी. तारीख उलटलेला सिलिंडर स्वस्तात मिळतो म्हणून उचलू नये, कोणताही शहाणा फिलिंगवाला तो भरून देणार नाही. जुना सीएनजी सिलिंडर या कामाला चालत नाही: आत गॅस आणि कॉम्प्रेसरचं तेल राहिलेलं असतं आणि त्यात २०० बारने हवा भरणं म्हणजे स्फोटाचं साहित्य एकत्र करणं. भरलेल्या सिलिंडरमधली ऊर्जा सुमारे १०० ग्रॅम टीएनटीइतकी असते. हे घाबरवायला लिहिलेलं नाही, पण पट्टे आवळताना आठवावं.

सिलिंडर डिकीत आडवा, गाडीच्या रुंदीच्या दिशेने बसवा. तो मागून पुढे ठेवला आणि पट्टा सुटला तर व्हॉल्व्हसकट सीटमधून येईल. खाली रबर, वर दोन स्टीलचे पट्टे, एम१० बोल्ट आणि पत्र्याच्या खालून ३ मिमीच्या प्लेटा. नुसत्या वॉशरवर पत्रा फाटतो. बर्स्ट डिस्क (दाब फार वाढला की फुटून हवा सोडणारी चकती) असलेलाच व्हॉल्व्ह घ्या आणि तिचं तोंड माणसांकडे नसेल असं पाहा. व्हॉल्व्हभोवती लोखंडी पिंजरा करा.

भरायची हवा कोरडी असायलाच हवी. पाणबुड्यांसाठीचा उच्च दाबाचा कॉम्प्रेसर आणि त्याचा फिल्टर यासाठीच असतो. मालवण-तारकर्ली किंवा गोव्यातल्या डायव्हिंग केंद्रांकडे अशी यंत्रं असतात. मिनिटाला १०० लिटर देणारा कॉम्प्रेसर हा सिलिंडर २४ मिनिटांत भरतो. घाई केली तर सिलिंडर तापतो, काटा २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर १७० वर येऊन बसतो.

रेग्युलेटर, होज आणि जेट

बहुतेक जुळण्या इथेच फसतात. सेकंदाला १०० ग्रॅम म्हणजे मिनिटाला ५,००० लिटर. वेल्डिंगचा रेग्युलेटर याच्या पाचव्या हिश्श्यालाही पुरत नाही. २०० बार आत, ९ बार बाहेर आणि प्रवाह किमान ६,००० लिटर प्रति मिनिट, असा औद्योगिक रेग्युलेटर मागा. तो सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर थेट बसवा, म्हणजे २०० बारचा दाब डिकीच्या त्या वीतभर जागेतच राहतो. सिलिंडरच्या व्हॉल्व्हचं आतलं भोकही तपासा. ५ मिमीहून लहान असेल तर शेवटच्या पाच सेकंदांत दाब ढासळतो आणि दोष उगाच रेग्युलेटरला दिला जातो.

रेग्युलेटरनंतर १२ बारला उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह, त्याची नळी गाडीबाहेर. पुढे पाऊण इंची, २० बारचा न्यूमॅटिक होज बॉनेटपर्यंत. अर्धा इंची घेतला तर वाटेतच दाब खातो. पीव्हीसी पाइप अजिबात नको: फुटला की त्याच्या काचेसारख्या चिरफळ्या उडतात. बॉनेटखाली ५ लिटरचा छोटा रिसीव्हर बसवा. रेग्युलेटर जागा व्हायला क्षणभर लागतो, तेवढी हवा हा पुरवतो.

रिसीव्हरनंतर दोन सोलेनॉइड व्हॉल्व्ह: १२ व्होल्ट, वीज गेली की बंद होणारे, भोक किमान १३ मिमी. प्रत्येकाच्या पुढे लेथवर कातून घेतलेला पितळी जेट (ठरावीक भोकाची तोटी), पहिला ६.५ मिमी, दुसरा ४.७ मिमी. जेटच्या मागचा दाब पुढच्या दाबाच्या दुपटीहून जास्त असला की भोकातल्या हवेचा वेग आवाजाच्या वेगाला अडकतो. मग पुढे इनटेकमध्ये काय चाललंय याने प्रवाह बदलत नाही, फक्त मागचा दाब आणि भोकाचा आकार मोजायचा. रेग्युलेटरचा काटा ९ बार दाखवत असताना पहिल्या जेटमधून सेकंदाला ६७ ग्रॅम जातात, दोन्हींमधून १००.

एकच ८ मिमीचा जेट लावला तरी बेरीज तीच येते, पण ४,००० आरपीएमला इंजिनाची भूक कमी असते आणि तेव्हा १०० ग्रॅम कोंबले तर बूस्ट १ बारच्या वर जातो. इंजिनाचा शेवट तिथेच. म्हणून पहिला जेट ४,००० ला उघडायचा, दुसरा ५,३०० ला. दुसरा उघडताना दाब क्षणभर ०.५ च्या वर उडी मारतो. ती उडी ठरलेल्या दाबाला उघडणाऱ्या पॉप-ऑफ व्हॉल्व्हने फुस्सकन बाहेर सोडायची.

इनटेकची जुळणी

जेट थ्रॉटल बॉडीच्या (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेच्या) आधी, किमान ३०० मिमी अंतरावर, प्रवाहाच्या दिशेने तोंड करून एका अॅल्युमिनियमच्या पेटीत बसवा. पेटीच्या अलीकडे, म्हणजे एअर फिल्टरच्या बाजूला, एकदिशा फ्लॅप हवा. जेट बंद असताना इंजिन फ्लॅपमधून नेहमीसारखा श्वास घेतं, जेट उघडला की फ्लॅप आपोआप मिटतो. फ्लॅप नसेल तर महागाची सगळी हवा फिल्टरमधून उलटी बाहेर जाते आणि बूस्टचा काटा हलतही नाही. सिलिकॉन रबराचा फ्लॅप, पाठीमागे धातूची जाळी, आणि इंजिनाच्या बाजूला आणखी एक जाळी. ही दुसरी जाळी लोक टाळतात. रबराचा तुकडा व्हॉल्व्हखाली सापडल्यावर आठवते.

पॉप-ऑफ व्हॉल्व्ह याच पेटीवर. थ्रॉटल मिटला आणि सोलेनॉइड उघडाच अडकला, असा सगळ्यात वाईट प्रसंग धरून त्याचा आकार ठरवायचा: भोक किमान २५ मिमी, उघडण्याचा दाब ०.५ बार. स्प्रिंग बाजारातून आणून तशीच बसवू नका, सायकलच्या पंपाने दाब देऊन काट्यावर तपासा.

फुल थ्रॉटलला मॅनिफोल्डही (थ्रॉटलपासून इंजिनाकडे जाणारी वाट) दाबाखाली येतो. ब्रेक बूस्टरच्या होजमध्ये चांगला एकदिशा व्हॉल्व्ह हवा, क्रॅंककेसची (इंजिनाच्या पोटातली) वाफ इनटेकमध्ये नेणाऱ्या पीसीव्ही नळीतही. पीसीव्ही विसरलात तर इंजिनाच्या पोटात दाब शिरतो आणि डिपस्टिक उडून बॉनेट तेलाने माखतं. सगळ्या होजना टी-बोल्ट क्लिपा वापरा.

पेट्रोल

यावर पैसे वाचवायचे असतील तर बाकीचं काहीच करू नका.

स्टॉक ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) मॅप सेन्सर, म्हणजे इनटेकचा दाब मोजणारा सेन्सर, वातावरणाच्या दाबाच्या थोडं वर जाऊन थांबतो. बूस्ट आला तरी ईसीयूला तो दिसत नाही, पेट्रोल जुन्याच मापाने पडतं, मिश्रण लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आणि इंजिन ठोकू लागतं. एअरफ्लो मीटरवाल्या गाडीत तर सिलिंडरची हवा मीटरला वळसा घालूनच येते. म्हणून २.५ बारचा मॅप सेन्सर आणि ट्यून करता येणारा ईसीयू हे दोन्ही हवेतच.

१०० ग्रॅम हवेला १२:१ या प्रमाणात सेकंदाला ८.३ ग्रॅम पेट्रोल लागतं, म्हणजे मिनिटाला ६८० सीसी, प्रत्येक इंजेक्टरला १७०. इंजेक्टर ८५ टक्क्यांच्या वर उघडा ठेवायचा नसतो, म्हणून २०० लागतात. २४० सीसीचे घ्या, फार मोठे घेतले तर आयडलिंग बिघडतं. पंपाची परीक्षा सोपी आहे: ३.५ बार दाबावर परतीची नळी मोजपात्रात सोडा, ३० सेकंदांत अर्धा लिटर पडलं पाहिजे. इंडियन ऑइलच्या एक्सपी१०० सारखं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल वापरा. इग्निशन स्टॉकपेक्षा ५ अंश मागे घेऊन सुरुवात करा. प्लग एक पायरी थंड, एनजीकेचा असेल तर आकडा एकाने मोठा, गॅप ०.७ मिमी.

एक बारीक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. हवेच्या तापमानाचा सेन्सर मंद असतो. जेट उघडताच हवा ३० अंशांनी थंड होते, पण सेन्सरला ते कळायला दोनेक सेकंद जातात. तोवर ईसीयू हवा विरळ समजून कमी पेट्रोल टाकतो. उघड्या मण्याचा जलद सेन्सर जेटच्या पुढे बसवा आणि ईसीयूच्या टेबलात बूस्टच्या रकान्यांत ५ ते ८ टक्के पेट्रोल मुद्दाम जास्त ठेवा.

वायरिंग

सोलेनॉइडच्या रिलेची वीज एकामागोमाग एक अशा पाच स्विचांतून यावी: झाकणवाला मुख्य स्विच, फुल थ्रॉटलचा स्विच, ४,००० ते ६,३०० ची आरपीएम खिडकी, क्लच स्विच आणि पेट्रोलच्या दाबाचा स्विच. पेट्रोलचा दाब ३ बारच्या खाली गेला की हवा बंद. यातला शेवटचा स्विच दोनशे-पाचशे रुपयांसाठी गाळला जातो आणि इंजिन बहुतेक त्याच्याचअभावी जातं. चालकाच्या हाताला येईल असा हवेचा हाती कॉकही ठेवा.

चाचणी

पहिली चाचणी इंजिनाशिवाय. जेटच्या पुढची नळी मोकळ्यावर सोडून घट्ट बांधा, कानावर इअरमफ लावा. सिलिंडर सोडवून १० ग्रॅमपर्यंत अचूक काट्यावर तोला, जोडा, पहिला जेट बरोबर पाच सेकंद उघडा, पुन्हा तोला. ३३५ ग्रॅमच्या आसपास घट दिसली पाहिजे. दोन्ही जेटना ५०० ग्रॅम. प्रवाह पुढच्या दाबावर अवलंबून नसल्याने हा आकडा गाडीतही तोच राहतो. घट कमी आली तर अडथळा व्हॉल्व्हपासून जेटपर्यंत कुठेतरी आहे. जेट मोठा करून तो झाकू नका, चाचणी चालू असताना रेग्युलेटरचा काटा ९ वरून किती पडतो ते पाहा.

दुसरी चाचणी गळतीची. इनटेक बंद करून ०.५ बार द्या आणि सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावा.

मग डायनो. आधी बूस्टशिवाय नव्या इंजेक्टरांवर गाडी नीट चालवून घ्या. नंतर फक्त पहिला जेट, तिसऱ्या गिअरमध्ये, तीन-तीन सेकंदांच्या धावा, वाइडबँडवर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणाऱ्या मीटरवर) डोळा ठेवून. ११.८ ते १२.२ च्या बाहेर गेलं की पाय उचला. आकडे स्थिर झाल्यावरच दुसरा जेट. दहा सेकंदांच्या धावेनंतर सिलिंडरचा काटा २०० वरून १२० च्या आसपास येतो आणि पंधरा मिनिटांत पुन्हा १३० पर्यंत चढतो. गळती उलटी झाली असं नाही, थंड पडलेली हवा तापते इतकंच. पुढच्या धावेचा हिशेब या दुसऱ्या आकड्यावरून करा.

बिघाड कुठे शोधायचा

धावेच्या मध्येच ताकद पडली आणि दोन मिनिटांनी सगळं ठीक झालं तर रेग्युलेटरमध्ये बर्फ धरलाय, म्हणजे भरलेली हवा ओली आहे. सिलिंडर बदलून पाहा, रेग्युलेटर उघडत बसू नका. बाहेरून होजवर दव साचणं मात्र नेहमीचंच, पावसाळ्यात तर पाणी गळेल. वायरींचे कनेक्टर त्याच्या खाली ठेवू नका.

बूस्ट येतो पण वाइडबँड पहिल्या सेकंदाला लीन दाखवतो, ही सेन्सरची मंदगती किंवा थंड भिंतींना चिकटलेलं पेट्रोल. इंजिन गरम असतानाच धाव घ्या, ८० अंशांच्या खाली नको. बूस्ट आला, आरपीएम चढला आणि गाडी पळत नसेल तर क्लच घसरतोय: ३५ हॉर्सपॉवर वाढल्याचं जुन्या क्लचला सगळ्यात आधी कळतं. पाय काढल्यावरही फुस्स आवाज सुरूच राहिला तर सोलेनॉइडमध्ये कचरा अडकलाय. हाती कॉक बंद करा आणि सोलेनॉइडच्या आधी ४० मायक्रॉनचा फिल्टर बसवा.

टर्बो डिझेलवाल्यांसाठी

टर्बो असलेल्या इंजिनात थोड्या हवेचा वेगळा उपयोग होतो. व्होल्वोने २०१६ मध्ये डी५ डिझेलवर आणलेल्या पॉवरपल्समध्ये टाकी अवघी २ लिटरची आणि दाब १२ बार. ती हवा इंजिनाला खाऊ न घालता टर्बोच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये सोडतात, टर्बाइनला क्षणात गती मिळते आणि पुढचं काम टर्बो स्वतः करतो. टाकी इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर लगेच भरतो. बाटलीतली हवा वापरण्याची सगळ्यात हुशार रीत हीच, कारण मूठभर हवेत भागतं. ट्रकमध्ये ब्रेकच्या टाकीतून हवा घेऊन इनटेकला देणारी तयार यंत्रणाही आहे, पण ती ब्रेकचा दाब राखणाऱ्या व्हॉल्व्हसकट येते. नुसता टी मारून ब्रेकची हवा चोरणारा जुगाड घाटात जीव घेईल.

कायदा आणि जागा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. ती ट्रेलरवर घालून न्यायची. सिलिंडरला गॅस सिलिंडर्स रूल्स, २०१६ लागू होतात. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेसो या केंद्राच्या स्फोटक-सुरक्षा संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीसारख्या ठिकाणी ड्रॅग स्पर्धा होतात. तिथे उतरायचं असेल तर गाडी बांधायच्या आधीच आयोजकांच्या तपासनीसांना रेखाचित्र आणि सिलिंडरचं प्रमाणपत्र दाखवून विचारा. बहुतेकांनी नायट्रस पाहिलेलं असतं, डिकीत २०० बार हवा पाहिलेली नसते, आणि स्पर्धेच्या सकाळी समजावत बसायला कोणाकडे वेळ नसतो.